हेब्बाळची ३० एकर जमीन

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाड्या खोळंबतात, आजूबाजूच्या काचेच्या इमारती दिसतात आणि बंगळुरूची भरभराट संगणकाने केली असे वाटते. मला तिचे मूळ पुलाजवळच्या शेतात सापडते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने म्हैसूर उजाड केले. १८७१ च्या खानेसुमारीत ५० लाखांवर असलेली वस्ती १८८१ मध्ये ४२ लाखांच्या आत आली. तेव्हा कारभार इंग्रज कमिशनरच्या हाती होता. १८८१ मध्ये राज्य वडियार राजघराण्याला परत मिळाले, तरी दरसाल लाखो रुपयांची खंडणी सुटली नाही. अशा ओढगस्तीतही राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी १८९९ मध्ये हेब्बाळची ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांना दिली.

१९०८ मध्ये कॅनडाचे लेस्ली कोलमन संस्थानच्या नोकरीत आले. म्हैसूरच्या डोंगराळ मलनाडात कोळेरोगाने कोवळी सुपारी गळून पडत होती. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतले बोर्डो मिश्रण त्यांनी सुपारीवर फवारून पाहिले आणि रोग आटोक्यात आला. कोकणातले बागायतदार आजही पावसाच्या तोंडावर तेच करतात. एका पिंपात मोरचूद, दुसऱ्यात चुना, मग दोन्ही एकत्र. त्यात लोखंडी सुरी बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

१९१३ मध्ये, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, हेब्बाळला शेतकी शाळा निघाली. तिचे १९४६ मध्ये कॉलेज आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ झाले. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला त्यांचेच स्वयंचलित दरवाजे बसले. पण मुंबई इलाख्यात ते सरकारी इंजिनिअर होते, म्हैसुरात कारभारी. माणूस तोच, बुद्धी तीच. फरक पडला तो निर्णय कुठे होतो आणि कोणासाठी होतो याने. देश पुढे का जातात, मागे का पडतात, याचे माझे उत्तर हेच आहे. अर्थतज्ज्ञ लक्ष्मी अय्यर यांच्या २०१० च्या अभ्यासातही थेट इंग्रजी अमलाखालच्या भागांत शाळा, दवाखाने आणि रस्ते संस्थानी भागांपेक्षा कमी आढळले. सगळी संस्थाने अशी नव्हती, हे खरे. पण सयाजीरावांच्या बडोद्याने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेही गादी जवळ होती म्हणूनच.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची प्रयोगशेते दुसऱ्या कामाला मागण्याआधी आपल्या पुढाऱ्यांनी हेब्बाळचा हा सव्वाशे वर्षांचा हिशेब जरूर पाहावा.