सडव्याची परिपक्वता : यवतमाळ जिल्ह्यातील मोहाच्या मद्यासंबंधीचे लोकज्ञान आणि अबकारी दप्तर

मद्याच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रामुख्याने महसूल, दारूबंदी आणि समाजसुधारणा या तीन अंगांनी झाले आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी 1985 मध्ये दक्षिण गुजरातेतील मद्यपानाची रूढी गुन्हा कशी ठरली, याची मांडणी केली. तीही मुख्यतः सत्ता आणि प्रतिकार यांच्या संदर्भात. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न त्याहून लहान आहे. माठातील आंबवण पूर्ण झाले, हे करणाऱ्याला कसे कळत असे? आणि हे ज्ञान लेखी साधनांत का सापडत नाही?

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान आदी समाजांची वस्ती आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारे मोहफूल येथे अन्न, विक्रीयोग्य वनोपज आणि मद्याचा कच्चा माल अशा तिन्ही रूपांत वापरले गेले. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास वा त्याहूनही अधिक साखर असते. फुले पाण्यात भिजवून ठेवली की यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायूत रूपांतर करते. या आंबलेल्या द्रवास वैदर्भी बोलीत 'सडवा' म्हणतात.

सडवा भट्टीवर केव्हा चढवावा, हा खरा कौशल्याचा प्रश्न. घाई केल्यास साखर शिल्लक राहते, मद्य कमी उतरते आणि भांड्याच्या तळाशी साखर करपून जळकट वास येतो. उशीर केल्यास हवेच्या संपर्काने मद्यार्काचे आम्ल होऊ लागते. या दोन चुकांमधील काळ फार मोठा नसतो. शिवाय तो ऋतूप्रमाणे सरकतो. वैशाखात जे काम थोड्या दिवसांत आटोपते, ते पौष-माघात लांबते. त्यामुळे दिवस मोजणे पुरेसे नव्हते. फेस बसणे, माठाला कान लावल्यावर येणारी सळसळ मंदावणे, वायूमुळे वर तरंगणारी फुले तळाशी जाणे आणि जिभेवरची गोडी ओसरून तुरट-आंबट चव उरणे, या खुणा एकत्र वाचाव्या लागत. एकटी खूण फसवी असते, कारण थंडीने यीस्ट सुस्तावले तरी बुडबुडे थांबतात, आणि साखर मात्र तशीच असते.

घरी बिअर तयार करणारा आधुनिक हौशी कारागीर नेमक्या याच अडचणीसाठी घनतामापक वापरतो. सुमारे 1.050 घनतेचा द्रव 1.010 च्या आसपास उतरला आणि सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, की काम झाले असे तो मानतो. जिभेने गोडी तपासणे आणि काचेच्या नळीने घनता तपासणे यांत मोजली जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे उरलेली साखर. लुई पाश्चर यांचा बिअरविषयक ग्रंथ 1876 चा. त्याच्या कितीतरी आधीपासून हा व्यवहार कारण न कळता, पण अचूक फलासह चालू होता.

आता दप्तराकडे वळू. वऱ्हाड 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि 1903 मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. 'वणी' जिल्ह्याचे 'यवतमाळ' हे नामकरण 1905 चे. ब्रिटिश हिंदुस्थानातील अबकारी खात्याकडेही मापक होता, पण तो साइक्सचा. तो उतरवलेल्या मद्याची तीव्रता लंडन प्रूफच्या प्रमाणात सांगे, कारण कर त्यावर बसे. मद्य भट्टीतून उतरण्यापूर्वीचा निर्णय महसुलाच्या दृष्टीने निरर्थक होता. म्हणून तो नोंदला गेला नाही. या मौनाला अज्ञान समजण्याची चूक इतिहासकाराने करू नये.

मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 हा 1959 मध्ये विदर्भास लागू झाला. त्याच्या कलम 65 नुसार मद्यनिर्मितीसाठी साहित्य वा भांडी बाळगणे हाही गुन्हा आहे. पंचनाम्यात सडव्याचे 'रसायन' होते. इतके लिटर, इतकी किंमत, जागीच नाश. तो कच्चा होता की पक्का, याने गुन्ह्यात फरक पडत नाही. माझे अनुमान असे की, धाडीच्या भीतीने वाट पाहण्याची मुभाच संपवली. काळा गूळ आणि नवसागर यांचा हातभट्टीतील शिरकाव केवळ नफेखोरीने समजावता येत नाही. ज्याला माठ आठवडाभर एका जागी ठेवता येत नाही, त्याला कान लावून थांबणे परवडत नाही. विक्रीसाठी गाळलेल्या दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आणि तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रिया हे या जिल्ह्याचे वास्तव आहेच, आणि येथे त्याचे समर्थन अभिप्रेत नाही. परंतु सणासुदीचा, देवाला वाहिला जाणारा मोह आणि ड्रममधील नवसागरी दारू यांना दप्तराने एकाच शब्दात बसवले.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे वा त्यांचे नियमन करण्याचे अधिकार, तसेच गौण वनोपजाची मालकी देण्याची तरतूद केली. केळापूर-घाटंजी भागातील ग्रामसभांची इतिवृत्ते या दृष्टीने वाचली जाणे आवश्यक आहे. त्याहून निकडीचे काम मौखिक साधनांचे आहे. ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी माठाला कान लावला, त्यांच्याशी बोलताना मात्र आपली वही पंचनाम्यासारखी दिसते, याची जाणीव संशोधकाने ठेवावी लागते.