दवाखान्याचा खर्च: सरकार किती देतं, आपल्या खिशातून किती जातं?

घरात कुणी आजारी पडलं की पहिला प्रश्न असतो, सरकारी दवाखान्यात न्यायचं की खासगीत? आणि लगेच दुसरा, पैसे कुठून आणायचे? सोयाबीनची पट्टी हातात पडायच्या आधीच दवाखान्यासाठी उसनवारी करायची वेळ आमच्या घरीही आली आहे. म्हणून देशाचा हा हिशेब सोप्या भाषेत.

१०० रुपयांचा हिशेब

केंद्र सरकारच्या 'राष्ट्रीय आरोग्य लेखा' अहवालानुसार २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर झालेल्या दर १०० रुपयांपैकी सुमारे ६४ रुपये लोकांच्या खिशातून गेले. केंद्र आणि राज्य सरकारं मिळून २९ रुपयेही नव्हते. २०२१-२२ मध्ये खिशातले ३९ आणि सरकारचे ४८ रुपये झाले. (त्या वर्षी कोरोनाचा सरकारी खर्चही होता.) बाकीचे पैसे खासगी विमा, कंपन्या, संस्था यांचे.

वाटा बदलला, पण अजून मजल गाठायची आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या (जीडीपी) अडीच टक्के करायचं ठरलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

सरकारी आणि खासगीतला फरक

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च (बाळंतपण सोडून) सरकारी दवाखान्यात सुमारे ४,३०० रुपये, तर खासगीत सुमारे २७,३०० रुपये निघाला. म्हणजे सहापटीहून जास्त. सरकारी दवाखान्यातही शून्य नाही, कारण औषधं आणि तपासण्या बाहेरून कराव्या लागतात.

आपल्या राज्यात काय मिळतं?

- १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयातही सरकार पैसे भरतं. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

इथेच बरेच जण फसतात. योजना ठरलेल्या आजारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच लागू आहे, तीही मुख्यतः भरती झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी हा खर्च त्यात बसत नाही. दर महिन्याला थोडा थोडा जाणारा हाच पैसा वर्षाअखेरीस मोठा होतो. त्या गोळ्या आधी आरोग्य केंद्रात विचारा, मग मेडिकलवर जा.

भरती होण्याआधी

पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. तो भेटला नाही तर १५५३८८ या टोल फ्री नंबरवर फोन करा. आणि पैसे भरावेच लागले, तर पक्की पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.