रेड प्रणालीचा उदय आणि माहितीच्या जतनाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
ज्ञान टिकविण्यासाठी प्रतिलिपी करणे हा मानवाचा प्राचीन उपाय होय. संगणकयुगात माध्यम बदलले, परंतु एकमेव प्रत नष्ट होण्याचे भय कायम राहिले. प्रस्तुत लेखात ‘रेड’ प्रणालीचा उदय व तिच्या मर्यादा यांचा आढावा घेतला आहे.

रेडचा उदय :
१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत ५० तबकड्यांची डिस्क आणली. तिची क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची होती. पुढे वैयक्तिक संगणकांच्या प्रसारामुळे लहान डिस्क स्वस्त झाल्या. अशा अनेक डिस्क जोडून मोठ्या व महागड्या डिस्कला पर्याय देण्याचा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडला. त्यातील धोकाही त्यांनीच दाखविला. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास मानल्यास १०० डिस्कच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, एखादी डिस्क निकामी होणार. त्यामुळे जादा माहिती साठविणे अपरिहार्य ठरले.

स्तरांची निवड :
पहिल्या स्तरात प्रत्येक डिस्कची जुळी प्रत असते. त्यामुळे उपयुक्त क्षमता निम्मी होते. पाचव्या स्तरात पॅरिटी सर्व डिस्कवर विभागलेली असल्याने एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून माहिती परत मिळते. मात्र पुनर्बांधणी सुरू असताना दुसरी डिस्क निकामी झाल्यास संपूर्ण समूह धोक्यात येतो. नंतर रूढ झालेला सहावा स्तर दोन डिस्कची हानी सोसतो; म्हणून मोठ्या समूहांसाठी तो अधिक सुरक्षित होय.

मर्यादा :
डिस्कचा बिघड आणि माहितीचा नाश या एकच गोष्टी नव्हेत. १९९८ मध्ये पिक्सार संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या बहुतांश फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रतीही सदोष निघाल्या. घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या संगणकावरील प्रतीमुळे चित्रपट वाचला. अशी आज्ञा जुळ्या डिस्कवरही तत्क्षणी अमलात येते. तेथे रेड निरुपयोगी ठरते.

निष्कर्ष :
रेड काम अखंड ठेवते. जतन मात्र स्वतंत्र, अन्यत्र ठेवलेल्या व वेळोवेळी पडताळलेल्या प्रतीनेच होते. निकालपत्रके, प्रबंध व ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर सोपविणाऱ्या महाविद्यालयांनी हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे.