दक्षिणेपासून दाखल्यापर्यंत

‘ईबीसी बसली का?’ वसई-विरारमध्ये कॉलेजात नाव घातलेल्या मुलाला आजही असंच विचारतात. 2016 पासून या फीसवलतीच्या योजनेचं नाव राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोकांच्या तोंडी मात्र 1959 सालचाच शब्द: ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग.

या मदतीचा माग काढू लागलं की एक वाट वसईवरूनच जाते. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथे इंग्रजांशी तह केला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्यात पर्वतीच्या रमण्यात श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांच्या हाती आली. ती त्यांनी बंद केली नाही, विद्येकडे वळवली: 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, पुढे याच पैशातून ‘दक्षिणा फेलो’ आले. न्यायमूर्ती रानडे त्यांतलेच एक. पण मूळ दक्षिणा ब्राह्मणाची. कुणब्याचा, वारल्याचा पोर कितीही हुशार असो, रमण्यात त्याला जागा नव्हती.

हे दार देशपातळीवर उघडायला 1944 उजाडलं. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी आली आणि घरातली मिळकत हाच निकष ठरला. माझ्या मते खरं वळण तेच.

कर्जाची वाट वेगळी. पेशवाई बुडाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, 1918 मध्ये, मोन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी वसईत पतसंस्था काढली. आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावं लागू नये, हा हेतू. शिक्षणासाठी कर्ज ही देशभरची रीत झाली ती 2001 च्या आदर्श योजनेनंतर: त्या योजनेत 4 लाखांपर्यंत तारण नको होतं, पण आईबाप सहकर्जदार हवेच होते.

2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. मोठंच पाऊल आहे हे. तरी अर्नाळ्याची मासळी विकणारी एखादी आई प्लास्टिकच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार घेऊन सेतू केंद्राच्या रांगेत उभीच असते. तिच्या आधारवर ‘सुनिता’, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव ‘सुनीता’. एका वेलांटीपायी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. वसतिगृहाचे पैसे मात्र सोमवारी भरायचे असतात, म्हणून शनिवारीच ती सोनाराकडे जाते.