टेस्टची घाई
मंडळी, इथे नागापूर एमआयडीसीत पार्ट भट्टीतून निघायच्या आधीच कुणी ‘पास’चा शिक्का मारला, तर आपण त्याला तपासणी म्हणू का? सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास झालं. १९९५ची जावास्क्रिप्ट सर्व्हरच्या उत्तरासाठी ताटकळत नाही, पुढची ओळ चालवते. मग उत्तर यायच्या आधीच टेस्ट संपायची, तीही हिरवी! त्यावर जुना इलाज म्हणजे ‘दोन सेकंद थांब’. निव्वळ अंदाजपंचे. २०११च्या मोकात ‘डन’ होतं: काम झालं की टेस्टने सांगायचं, दोन सेकंदांत सांगितलं नाही, तर नापास. आपल्या मते खरी सुधारणा हीच. भाषेत २०१५ला प्रॉमिस आलं, २०१७ला असिंक-अवेट. वाचायला सोपं झालं खरं, पण एक ‘अवेट’ राहिला की टेस्ट आजही खोटी हिरवी होते.