इनामगावची मूर्ती कच्चीच का ठेवली?

मागच्या गौरी-गणपतीत हिरकणीवाडीला घरी होतो. पडवीत लॅपटॉपवर एका मातीच्या मूर्तीचा फोटो उघडा होता. आजीने वाकून पाहिलं. "हिचं डोकं कुठे रे गेलं?" म्हटलं, गेलं नाही, केलंच नव्हतं. "मग देवीच असंल," म्हणाली आणि गौरीचा तेरडा निवडायला गेली. पुरातत्त्वातला एक जुना वाद तिने दोन शब्दांत मिटवला! मला मात्र तो तुम्हाला सांगायचाय.

ही मूर्ती इनामगावची. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं. सुमारे ३३०० वर्षांपूर्वीच्या, जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची लंबगोल मातीची पेटी सापडली. तिच्यासोबत स्त्रीमूर्ती, त्यातली एक बिनशिराची, आणि एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते.

आता, बाईची मूर्ती दिसली की 'मातृदेवता' म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. १९६८ मध्येच पीटर उको यांनी इजिप्त आणि क्रीटच्या मूर्ती तपासून या सवयीला हरकत घेतली. बाहुली असेल, खेळणं असेल, शिकवायचं साधन असेल. मेक्सिकोत त्लातिल्कोला साधारण याच सुमाराला दोन तोंडांच्या बायका घडवत. पण तिथल्या बऱ्याच मूर्ती विटांसाठी माती खणणाऱ्यांना सापडल्या आणि संग्राहकांकडे गेल्या. कोणत्या थरात, कशाशेजारी होत्या हे कळायचा मार्गच संपला. मग अर्थ काढायचा कशावरून?

इनामगावात शेजार हाती आहे. आणि माझ्यासारख्या रसायनवाल्याला त्याहून बोलकी वाटते ती माती. हे सगळं कच्च्या मातीचं आहे. माती ५००-६०० अंशांच्या आसपास तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. मग ती पुन्हा चिखल होत नाही. हे इनामगावकरांना हातानं माहीत होतं. त्यांच्याकडे भट्टी होती. त्यांची लाल, काळ्या नक्षीची भांडी टिचकी मारली की खणखणतात. म्हणजे मूर्ती न भाजणं हा अडाणीपणा नव्हे, ठरवून केलेली गोष्ट असावी. पोराच्या हातात द्यायचं खेळणं असं कच्चं कोण ठेवेल?

पेणचा शाडूचा गणपतीही आपण भाजत नाही, कारण तो जायचा असतो. इनामगावची मूर्ती पाण्यात गेली नाही, जमिनीखाली गेली. त्याच गावात तान्ही मुलं दगावली की दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरत. या दोन गोष्टींचा संबंध असावा असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही.

एक अडचण मात्र डोक्यातून जात नाही. आमची तेरड्याची गौर वहाळात गेली की मागे उरतं काय? उत्खननात सापडेल असं काहीच नाही. नीट विसर्जन झालेल्या मूर्ती आमच्या नमुन्यात येतच नाहीत. येतात त्या पेटीत राहिलेल्या. एवढ्या एकांगी नमुन्यावरून बोलायचं असतं.

तरी देवी की बाहुली, असं विचाराल तर मी आजीच्या बाजूचा. तिच्याइतकी खात्री मात्र नाही.