मेमरी कार्डावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

दुकानात ६४ जीबीची दोन कार्डे शेजारी टांगलेली असतात आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट असते. फरक बहुतेकदा वेगाचा असतो आणि तो कार्डावर छापलेलाही असतो. मात्र ठळक छापलेला आकडा आपल्या कामाचा असतोच असे नाही.

आधी कार्ड कॅमेऱ्यात चालेल का ते पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांना टपाल तिकिटाएवढे एसडी कार्ड लागते. २ जीबीपर्यंत साधे एसडी, पुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी आणि त्यावर २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. आकार एकच असल्याने तिन्ही खाचेत बसतात, पण एसडीएचसीपर्यंतच्या कॅमेऱ्याला ६४ जीबीचे कार्ड वाचता येईलच याची खात्री नसते. कपाटातला जुना कॅमेरा पुन्हा वापरायला काढणार असाल तर आधी त्याची माहितीपुस्तिका बघा. काही व्यावसायिक कॅमेऱ्यांना सीएफएक्स्प्रेस हे वेगळेच कार्ड लागते.

आता वेग. मोठ्या अक्षरातला १५० किंवा १७० एमबी प्रति सेकंद हा आकडा सहसा वाचण्याचा, म्हणजे फोटो संगणकावर उतरवण्याचा कमाल वेग असतो. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची, तोही सलग टिकणाऱ्या. त्याची हमी छोट्या चिन्हांत असते. वर्तुळासारख्या सी अक्षरातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षरातला १ म्हणजेही १०, तर ३ म्हणजे ३०. व्ही अक्षरापुढचा ३०, ६० किंवा ९० हा थेट किमान वेगच असतो.

व्हिडिओचा वेग कॅमेऱ्यात मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि कार्डाचा मेगाबाइटमध्ये, म्हणून ८ ने भागावे लागते. १०० मेगाबिटच्या फोरके चित्रीकरणाला सेकंदाला १२.५ एमबी लागतात. म्हणजे १० ची हमी अपुरी आणि व्ही ३० पुरेसे. कमी वेगाच्या कार्डावर चित्रीकरण मध्येच थांबू शकते. नुसते फोटो काढणाऱ्याला व्ही ९० ची गरज सहसा पडत नाही. पक्ष्यांचे किंवा खेळांचे सलग फोटो टिपणाऱ्यांना मात्र संथ कार्डामुळे थांबून राहावे लागते.

महागड्या यूएचएस-दोन कार्डाच्या मागे संपर्कबिंदूंची दुसरी ओळ असते. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर कार्ड चालते, पण यूएचएस-एकच्याच वेगाने. जास्तीचे पैसे वाया. ए१, ए२ ही चिन्हे फोनमधल्या अ‍ॅपसाठी असतात, कॅमेऱ्यासाठी त्यांच्याकडे बघू नका.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. वरच्याच फोरके चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात. २४ मेगापिक्सेलचा रॉ फोटो साधारण २५-३० एमबीचा धरला तर ६४ जीबीत दोनेक हजार मावतात. आमच्या मते १२८ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन बरी. लग्नाचे फोटो घेणारे अनेक जण दोन खाचांचा कॅमेरा वापरतात तो यासाठीच: प्रत्येक फोटो दोन्हीकडे उतरतो. अंतरपाट काही पुन्हा धरता येत नाही.

सर्वांत मोठा धोका बनावट कार्डाचा. आतली चिप ८ किंवा १६ जीबीची असते, पण ती कॅमेऱ्याला २५६ सांगते. सुरुवातीचे फोटो नीट येतात. खरी जागा संपल्यावर फायलींची नावे दिसत राहतात, फोटो मात्र उघडत नाहीत. म्हणून ओळखीच्या दुकानातून पक्के बिल घेऊनच कार्ड घ्या आणि नवे कार्ड एकदा पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम हेच काम करतो.

कार्ड संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. पुसल्यावर बहुतेकदा फक्त नोंद जाते, चित्र तिथेच असते. त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर ते परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरला हाती लागू शकते.